आजारपणातील अंथरूण-पांघरूण: कोणत्या आजारात चादर कशी धुवावी?

घरात कुणी आजारी पडले की दोन-चार दिवसांत अंथरुणाचे प्रश्न सुरू होतात. चादर रोज बदलायची का? सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुतली तर चालेल का? पाण्यात अँटिसेप्टिक टाकायचे का? दवाखान्यात हे प्रश्न बहुधा शेवटी येतात. रुग्ण चिठ्ठी घेऊन दारापर्यंत पोचलेला असतो आणि सोबत आलेली सून किंवा मुलगी मागे वळून विचारते. घाईत तिला उत्तर मिळते, "स्वच्छ ठेवा, बस." त्या उत्तराने घरी गेल्यावर काही कळत नाही.

प्रत्येक आजारात चादरीकडून हवे असते ते वेगळे. खरजेत पाण्याची उष्णता आणि धुण्याचा दिवस महत्त्वाचा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची हवी. दम्याच्या रुग्णासाठी आठवड्याचा नेम पाळावा लागतो. क्षयरोगात मात्र चादरीचे विशेष असे काहीच करावे लागत नाही. प्रत्यक्षात घरोघरी नेमके उलटे चाललेले दिसते. क्षयरोग झालेल्या माणसाची गादी जाळून टाकतात, आणि खरूज झालेल्या मुलाची चादर थंड पाण्यातून काढून त्याच संध्याकाळी पुन्हा अंथरतात.

कुणी आजारी नसताना

निरोगी माणसाची चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा बदलला तरी पुरते. डोक्याला तेल लावून झोपण्याची सवय असेल किंवा चेहऱ्यावर मुरमे येत असतील तर अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला. घाम फार येत असेल, उन्हाळा असेल, तर चादरही लवकर बदलावी लागेल. रोज अंगावर घेण्याची सोलापुरी चादर किंवा पातळ पांघरूण दोन आठवड्यांनी धुवा. जाड रग, रजई, गोधडी महिना-दोन महिन्यांनी धुतली आणि मधूनमधून उन्हात घातली तरी चालते.

धुण्याची पावडर जंतूंना मारते त्यापेक्षा कितीतरी जास्त जंतू कापडावरून सोडवते आणि पाण्याबरोबर वाहून नेते. म्हणून पावडर कोणत्या कंपनीची, यापेक्षा चादर किती पाण्यातून खळबळून काढली याला महत्त्व आहे. मशीनमध्ये चादरी कोंबून भरल्या तर पाणी कापडातून फिरतच नाही. डबल बेडच्या दोन चादरी आणि चार अभ्रे एवढ्यात घरगुती मशीन भरते, असे धरून चाला. बोअरचे जड पाणी असेल तर फेस कमी येतो म्हणून आपण पावडर वाढवतो आणि ती कापडात राहते. अंगाला खाज सुटते, विशेषतः लहान मुलांना आणि एक्झिमा असलेल्यांना. अशा घरात पावडर मोजून घ्या आणि एक पाणी जास्त काढा.

शेवटच्या पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक टाकण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. त्याने वास येतो आणि मनाला बरे वाटते. पण मळकट चादरीवर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि नीट धुतलेल्या चादरीला त्याची गरज नाही. शिवाय ते कापडात राहिले तर काहींच्या त्वचेला चुरचुरते.

गरम पाणी म्हणजे किती गरम?

पुढे काही आजारांत ६० अंश सेल्सिअस पाण्याचा उल्लेख येईल. हात घालून "चांगले गरम आहे" असे वाटते ते पाणी साधारण ४० ते ४५ अंशांचे असते. तेवढ्याने डाग सुटतील, पण खरजेचे किंवा धुळीतले किडे मरण्याची खात्री नाही.

घरात थर्मामीटर लागत नाही. बादलीत निम्मे उकळते पाणी आणि निम्मे नळाचे पाणी एकत्र केले की तापमान साठीच्या आसपास जाते. थंडीत नळाचे पाणी गार असते आणि बादलीतले पाणी निवतही जाते, म्हणून उकळते पाणी निम्म्याहून थोडे जास्त घ्या. चादर पूर्ण बुडेल अशी घाला, काठीने दाबा, वर ताट झाका आणि वीस मिनिटे तशीच ठेवा. मग नेहमीप्रमाणे धुवा. या पाण्यात हात घालू नका, काही सेकंदांत भाजते. बादली मोरीत ठेवून दार लावून घ्या. उकळत्या पाण्याच्या बादलीत पडून भाजलेले मूल ही चादरीच्या कोणत्याही जंतूपेक्षा मोठी आपत्ती आहे.

समोरून कपडे घालायच्या बहुतेक मशीनमध्ये ६० अंशांची सोय असते. वरून घालायच्या पुष्कळ मशीनमध्ये पाणी तापवण्याची व्यवस्थाच नसते. तुमचे मशीन तसे असेल तर आधी बादलीत भिजवा, पाणी कोमट झाले की मशीनमध्ये टाका. लोकर, रेशीम आणि काही रंगीत कापड ही उष्णता सहन करत नाही. अशा वस्तूंचे काय करायचे ते खरजेच्या भागात सांगितले आहे.

सुती चादरीवर फिरवलेली कडक इस्त्री १५० अंशांच्या वर असते. गरम पाण्याची सोय नसेल तेव्हा आणि पावसाळ्यात इस्त्रीचा मोठा आधार आहे. शिवणी आणि कडांवर थोडी जास्त वेळ फिरवा.

अंथरुणाला खिळलेला रुग्ण

पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, स्मृतिभ्रंश, कर्करोगाचा पुढचा टप्पा. कारण काहीही असो, जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याच्यासाठी चादर हा उपचाराचाच भाग आहे. पाठीवर, माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर सतत दाब पडून रक्तपुरवठा थांबतो आणि त्वचा मरते. यालाच बेडसोअर किंवा दाबव्रण म्हणतात. तो सुरू व्हायला काही तास पुरतात, भरायला महिने लागतात. त्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस दगावू शकतो.

मूळ कारण दाब, पण ते काम सोपे करून देणाऱ्या तीन गोष्टी चादरीत असतात: ओल, सुरकुती आणि घर्षण. घामाने किंवा लघवीने ओली राहिलेली त्वचा पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी मऊ होते आणि सहज सोलली जाते. चादरीची एक जाड वळकटी, बिस्किटाचा चुरा, अंगातल्या सदऱ्याचे बटण अंगाखाली तासभर राहिले तरी तिथे वळ उठतो. रुग्ण पायाकडे घसरला की आपण त्याला काखेत धरून वर ओढतो, तेव्हा चादर जागेवर राहते आणि त्वचा घासत जाते.

म्हणून चादर रोज बदला. ओली झाली तर तेव्हाच बदला, रात्री दोन वाजलेले असले तरी. दर वेळी अख्खी चादर बदलणे जमत नाही, हे मान्य. त्यासाठी रुग्णालयातली जुनी युक्ती वापरा. गादीवर आधी मोठी चादर घाला. त्यावर कमरेपासून मांड्यांपर्यंत पुरेल असे रबरशीट किंवा मेणकापड आडवे टाका. त्यावर सुती कापडाची दुहेरी घडी अंथरून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचा. घरातले जुने मऊ सुती लुगडे किंवा धोतर याला उत्तम. ओले झाले की फक्त ही घडी बदलायची. रबरशीट कधीही थेट त्वचेला लागू देऊ नका, त्याखाली घाम साचतो. अशा पाच-सहा घड्या तयार असल्या की धुण्याची ओढाताण होत नाही.

रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलायला दोघे जण लागतात. एकाने रुग्णाला आपल्याकडे कुशीवर वळवून खांदा आणि खुबा धरून ठेवायचा. दुसऱ्याने मोकळ्या झालेल्या बाजूची जुनी चादर लांबीच्या दिशेने गुंडाळत रुग्णाच्या पाठीपर्यंत आणायची. मग धुतलेली चादर त्या बाजूला अंथरून तिची उरलेली निम्मी गुंडाळीही पाठीला लावून ठेवायची. आता रुग्णाला या दोन्ही गुंडाळ्यांवरून पलीकडच्या कुशीवर वळवा, जुनी काढून घ्या, नवी ताणून खोचा. वळवल्यावर पाठ पाहायची ही संधी सोडू नका. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचला. लाली क्षणभर पांढरी पडली तर त्वचा अजून शाबूत आहे. लाली तशीच राहिली तर बेडसोअरची सुरुवात झाली. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे काळसर-जांभळट डाग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा शोधा. अशी जागा दिसली की त्या बाजूवर अजिबात झोपवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वर सरकवताना रुग्णाला नका ओढू. त्याच्या खालची आडवी घडी दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी उचला आणि मग सरकवा. डोक्याकडची बाजू जेवणापुरती उंच करा. एरवी ती ३० अंशांपेक्षा जास्त उंच ठेवली तर माणूस घसरत राहतो.

हवेची गादी आणली की नातेवाईक निश्चिंत होतात आणि आजीला बोचू नये म्हणून तिच्यावर दुलई, त्यावर सतरंजी, त्यावर चादर घालतात. त्या थरांमुळे गादीचा उपयोग निघून जातो. हवेच्या गादीवर एकच पातळ सुती चादर, तीही थोडी सैल हवी. ही गादी असली तरी कूस बदलण्यातून सुटका नाही. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलतात. तुमच्या रुग्णासाठी किती वेळाने बदलायची हे डॉक्टरांना किंवा नर्सना विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

चादरीवर टाल्कम पावडर भुरभुरू नका, घामात तिचे गोळे होतात आणि ते टोचतात. पाठीला स्पिरिट चोळू नका. लाल झालेल्या हाडाच्या जागेवर मालीश करू नका. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेवर दाब वाढतो. या चारही गोष्टी आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रेमाने केल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगतो.

जाता जाता एक गोष्ट: आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात अंथरूण-पांघरुणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत म्हणून अंथरुणाचे महत्त्व कमी झालेले नाही.

खरूज: औषध एकदा, धुणे त्याच वेळी

खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तो त्वचेत बीळ करून राहतो आणि रात्री खाज वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. दुर्लक्षित म्हणजे काय ते घरात बघा. एका मुलाला मलम मिळते, बाकीचे "आम्हाला खाज नाही" म्हणून लावत नाहीत, आणि महिन्याभरात सगळे घर खाजवत असते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून खाज नसणे हा पुरावा नाही.

माणसाच्या अंगावरून खाली पडलेला हा किडा साधारण दोन-तीन दिवस जगतो, त्यापेक्षा जास्त नाही. सगळे वेळापत्रक यावरूनच ठरते. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन मलम दिले असेल तर घरातल्या सगळ्यांनी ते एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे आणि सांगितलेले तास ठेवायचे. तान्ह्या बाळाला आणि गरोदर स्त्रीला कसे लावायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मलम लावल्यावर धुतलेल्या चादरीवर, धुतलेले कपडे घालून झोपा. सकाळी अंघोळ झाली की रात्रीची चादर, अभ्रे, कपडे, टॉवेल आणि त्याआधीच्या तीन दिवसांत वापरलेले सगळे वर सांगितलेल्या गरम पाण्यात टाका. धुणे चार दिवसांनी केले तर मधल्या काळात पुन्हा लागण होऊ शकते, आणि मग मलमाला दोष दिला जातो.

जे गरम पाण्यात घालता येत नाही ते, म्हणजे रग, लोकरीचे स्वेटर, मुलांची कापडी खेळणी, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. तीन दिवस पुरतात, पण मी रुग्णांना आठवडाभर ठेवायला सांगतो. दिवस मोजण्यात कुणाचा तरी हिशेब चुकतोच. गादी धुवायची किंवा फेकायची गरज नाही. ती दोन-तीन दिवस उन्हात ठेवा किंवा वापरू नका. तेवढेही जमत नसेल तर तिच्यावर स्वच्छ जाड चादर घालून झोपा. अंथरुणावर कीटकनाशक मात्र मुळीच फवारू नका.

सात दिवसांनी मलम पुन्हा लावायचे असते. त्या दिवशी चादरीही पुन्हा गरम पाण्यातून काढा. यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. ती मेलेल्या किड्यांची ॲलर्जी असते. तेवढ्यावरून घाबरून रोज मलम लावत बसू नका. नवे फोड येऊ लागले तर मात्र परत दाखवा.

गजकर्ण किंवा नायटा ज्या घरात फिरत असतो तिथेही चादर, टॉवेल आणि आतले कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुणे चांगले, कारण बुरशीचे कण थंड पाण्यातल्या धुण्यातून वाचतात आणि इतरांच्या कपड्यांना लागतात. त्या व्यक्तीचे कपडे वेगळे धुवा, पूर्ण वाळवा, इस्त्री करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळाच हवा. पण नायटा बरा होत नाही याचे कारण अनेकदा चादर नसतेच. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम हे ते कारण असते. ते थांबवल्याशिवाय कितीही चादरी उकळल्या तरी उपयोग नाही.

दमा, सकाळच्या शिंका आणि गादीतली धूळ

डोळ्यांना न दिसणारे धुळीतले माइट आपल्या त्वचेचे गळलेले कण खाऊन गादी, उशी आणि पांघरुणात वाढतात. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेची आणि मेलेल्या अंगाच्या भुग्याची ॲलर्जी येते. त्यांना दमट हवा लागते, त्यामुळे मुंबई, कोकण, गोवा हा त्यांचा आवडता मुलूख आहे. उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, नाक चोंदणे, पहाटेचा खोकला आणि बाहेरगावी वेगळ्या गादीवर झोपल्यावर आराम, असे चित्र असेल तर गादीचा संशय घ्यावा.

या रुग्णांनी चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्याने ॲलर्जीचा भुगा बराच निघतो, पण माइट जिवंत राहतात आणि पुन्हा वाढतात. उशी जुनी आणि जड झाली असेल तर बदला. गादीला आणि उशीला माइट आरपार जाणार नाहीत अशा घट्ट विणीचे चेन असलेले कव्हर मिळते. तेवढ्या एकाच उपायाने मोठ्या माणसाचा दमा आटोक्यात येत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून फक्त कव्हरवर मोठा खर्च करण्याआधी डॉक्टरांशी बोला. चादर धुतल्याने इन्हेलर बंद करता येत नाही.

गोधडी आणि कापसाची गादी उन्हात घालणे ही आपली जुनी रीत योग्यच आहे. कडक उन्हात ओल जाते आणि माइट सुकून मरतात. भुगा मात्र आतच राहतो, त्यामुळे उन्हानंतर ती झटकावी लागते. ते काम दम्याच्या रुग्णाने करू नये. दुसऱ्याने नाकाला रुमाल बांधून अंगणात किंवा गच्चीवर करावे. गादी पिंजायला दिली असेल तर त्या दिवशी रुग्णाला तिथून दूर पाठवा.

जुलाब, उलट्या आणि रक्ताने भरलेली चादर

अशी चादर झटकू नका. घाण आत राहील अशी कडेकडून गोळा करा आणि थेट मोरीत न्या. हातात मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. विष्ठा आधी संडासात खरवडून टाका, मग थंड पाण्याने खळबळा. रक्ताचा डागही थंड पाण्यातच काढायचा, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि पावडर. बाकीच्यांचे कपडे त्यात नकोत. शेवटी साबणाने हात धुवा. मोजे घातले होते तरीही धुवा.

पांढऱ्या सुती चादरीसाठी ब्लीच वापरता येते. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचे असेल तर १ लिटर पाण्याला १० मिलिलिटर, म्हणजे १० लिटरच्या बादलीला १०० मिलिलिटर पुरे. घाण काढून खळबळलेली चादर त्यात अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्यातून काढा. पाणी थंडच घ्या. ब्लीच संडास साफ करण्याच्या ॲसिडबरोबर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. लघवीने भिजलेल्या चादरीवर सरळ ब्लीच ओतले तरी त्रासदायक वायू तयार होतो. आधी खळबळणे सांगितले ते याचसाठी. मोरीची खिडकी उघडी ठेवा.

कर्करोगावर केमोथेरपी चालू असेल तर डोस घेतल्यानंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवीत, उलटीत, घामात औषधाचे अंश असतात. त्या दोन दिवसांत घाण झालेली चादर मोजे घालूनच उचला, वेगळी आणि दोनदा धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका. काही औषधांत हा काळ जास्त असतो, म्हणून केमोच्या वॉर्डात विचारून घ्या. चादर धोब्याकडे देणार असाल तर घरी एकदा धुवूनच द्या.

कांजिण्यांत काही घरांत चादर बदलत नाहीत, रुग्णाला अंघोळही घालत नाहीत. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर ठेवा, पण चादर रोज बदला. खाजवून फुटलेल्या फोडांत मळक्या कापडामुळे पू होतो. धुवायला साधी पावडर पुरते. ज्यांना कांजिण्या कधी झाल्या नाहीत अशा गरोदर स्त्रीने मात्र रुग्ण आणि त्याच्या चादरींपासून लांब राहावे.

जिथे भीतीचे कारण नाही

क्षयरोग खोकल्यातून हवेत उडालेल्या सूक्ष्म थेंबांनी पसरतो. चादर, गादी, कपडे, ताट-वाटी यांच्यातून पसरत नाही. रुग्णाची चादर बाकीच्यांच्या कपड्यांबरोबर साध्या पाण्यात धुतली तरी चालते. थुंकीने भरली असेल तर अर्थातच आधी खळबळून घ्या. रुग्णाने सुरुवातीच्या काळात तोंडाला मास्क लावणे, खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंड झाकणे आणि औषधाचा एकही डोस न चुकवणे, लागण यांनीच थांबते. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गादी जाळल्याने संसर्ग टळत नाही, पण घरातल्या माणसाला आपण नकोसे झालो आहोत हे कळते. असे समजलेले रुग्ण औषध अर्धवट सोडतात, हे मी पाहिले आहे.

एचआयव्ही चादरीतून पसरत नाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो, म्हणून रक्ताचा डाग मोजे घालून धुवा. एवढी एकच काळजी पुरे, वेगळे अंथरूण नको.

ढेकूण किळसवाणे असतात, झोप घालवतात, पण चावण्यातून आजार पसरवत नाहीत. चादरी ६० अंशांत धुतल्या तर त्यांवरचे मरतात. मात्र त्यांचा मुक्काम पलंगाच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत आणि भिंतीच्या भेगांत असतो. नुसती चादर धुऊन ते जात नाहीत, त्यासाठी कीटकनियंत्रण करणाऱ्यालाच बोलवावे लागते.

पावसाळा आणि पेटीतली पांघरुणे

पावसाळ्यात चादर अर्धवट ओली घडी करून ठेवली की कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. एका वेळी एकच चादर धुवा, मशीनमध्ये दोनदा पिळा, पंख्याखाली एकेरी पसरा, शेवटची ओल इस्त्रीने घालवा. ज्या खोलीत दम्याचा रुग्ण झोपतो तिथे ओले कपडे वाळत घालू नका, हवेतली ओल आणि बुरशी दोन्ही वाढतात.

पाहुण्यांसाठीच्या रजया पेटीत ठेवताना आपण डांबर गोळ्या टाकतो. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या नॅफ्थॅलिनच्या असतात. काही बाळांत जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी असते आणि ते बहुतेक घरांना माहीत नसते. नॅफ्थॅलिनचा वास भरलेल्या दुपट्यात किंवा रजईत गुंडाळल्यावर अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटून तीव्र कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या दुपट्यांत आणि झबल्यांत या गोळ्या अजिबात नकोत. पेटीतली पांघरुणे बाळासाठी काढायचीच असतील तर धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. बाळ पिवळे किंवा फिकट दिसू लागले, लघवी चहासारखी गडद झाली, दूध पिईनासे झाले तर वेळ न घालवता रुग्णालयात न्या, आणि डांबर गोळ्यांचा संबंध आला असेल तर तेथील डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.